‘पुन्हा वाजवलंस तर बघ’ म्हटल्यावर त्याने पुन्हा वाजवलं आणि बाईंकडे बघितलं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा सात वर्षांचा, स्वमग्न. वर्गात डब्याचं झाकण वाजवत होता. बाई म्हणाल्या, “पुन्हा वाजवलंस तर बघ!” त्याने पुन्हा वाजवलं आणि बाईंकडे टक लावून बघत राहिला. शाळा म्हणते, तो मुद्दाम करतो. तुम्ही विचारताय की तो उद्धट आहे की त्याला कळत नाही, आणि लहानपणी कुणाला असा अनुभव आला आहे का.

मला आला आहे. मी स्वतः स्वमग्न आहे, निदान झालं चौतिसाव्या वर्षी. तुम्ही दिलेल्या दोन्ही पर्यायांपैकी एकही खरा नाही, असं मला वाटतं. बाई जे बोलल्या ते त्याला पूर्ण कळलं. वाजवलंस तर बघ. त्याने वाजवलं, त्याने बघितलं. बाईंच्या मनातलं उरलेलं अर्धं वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर आलंच नव्हतं.

मी तिसरीत होते, मिरजेला. मधली सुट्टी संपून बाई वर्गात आल्या तेव्हा गोंगाट चालला होता. त्यांनी टेबलावर डस्टर आपटला आणि विचारलं, “हा वर्ग आहे की मासळी बाजार?” मी दर रविवारी वडिलांबरोबर मासळी बाजारात जायची. ओल्या फरशा, बर्फ, पाट्या, कोयत्याचा आवाज, सगळं मला पाठ होतं. प्रश्नात दोन पर्याय होते आणि उत्तर मला येत होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, “वर्ग आहे, बाई.”

सगळे हसले. बाई माझ्या बाकापर्यंत आल्या. “वर हसतेस काय?” मी हसत होते, कारण मोठ्यांशी हसून बोलावं असं आईने शिकवलं होतं. म्हणून मी तेही सांगितलं, “आईने सांगितलंय.” मग हातावर दोन पट्ट्या बसल्या, तास संपेपर्यंत दाराबाहेर उभं राहावं लागलं आणि वहीत लाल शाईने शेरा आला: उलट उत्तरे देते. मी तिथे उभी राहून दाराच्या चौकटीवरचे खिळे मोजत होते. तेवीस होते. माझं उत्तर कुठे चुकलं ते शोधत होते आणि ते चुकलेलं नव्हतं.

त्या दिवशी मी एक गोष्ट शिकले: काही प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं. ते कुठले, हे मात्र कुणीच सांगितलं नाही. म्हणून मी कुठल्याच प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. पुढच्या तोंडी परीक्षेत त्याच बाईंनी विचारलं, “सतराचा पाढा येतो का?” मला तीसपर्यंत पाढे येत होते. मी गप्प राहिले. शून्य मिळालं आणि घरी निरोप गेला की मुलगी अभ्यास करत नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला भीती वाटते ती या दुसऱ्या पायरीची. आज तो बोलतोय, करतोय, बघतोय. त्याला शिक्षा होत राहिली तर तो हे सगळं बंद करेल आणि मग शाळा म्हणेल, आता सुधारला.

शाळेबाहेरही हेच व्हायचं. मामा सोलापूरला परत निघाला, आजीने हातावर दही घातलं, मामा म्हणाला, “येतो हं.” मी पायरीवर जाऊन बसले. येतो म्हणालाय तर येईल. संध्याकाळ झाली, दिवे लागले, मी जेवायला उठेना. आईला वाटलं मी रुसले आहे, मामाने खाऊ आणला नाही म्हणून. निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही हा आपला रिवाज मला माहीतच नव्हता. आपल्या भाषेत असं कितीतरी आहे. नारळ फोडतात तेव्हा तो ‘वाढवतात’, दुकान बंद करतात तेव्हा तेही ‘वाढवतात’. पाहुणा ‘नको’ म्हणतो तेव्हा त्याला आणखी एक पोळी वाढतात, आणि मी ‘नको’ म्हणायची तेव्हा मलाही. मला खरंच नको असायची. बाकीची मुलं हे न शिकवता उचलतात. आम्हाला कुणीतरी सांगावं लागतं, आणि एकदा सांगितलं की पक्कं लक्षात राहतं.

त्या रात्री आजी माझ्याशेजारी येऊन बसली. तिने विचारलं, “कुणाची वाट बघतेस?” मी म्हटलं, “मामाची.” ती रागावली नाही, हसलीही नाही. कालनिर्णय उतरवून आणलं, दिवाळीच्या पानावर पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाली, “मामा आज गेला. या दिवशी येईल. जाताना येतो म्हणायची पद्धत असते.” तीन वाक्यं. मी उठून जेवले.

१९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत अकरा मुलांवर लेख लिहिला, स्वमग्नतेवरचं ते मूळ लिखाण मानतात. त्यातला डोनाल्ड ‘हो’ म्हणायला शिकला तो असा: वडील म्हणाले, हो म्हणालास तर खांद्यावर घेईन. त्यानंतर त्याच्या लेखी ‘हो’ या शब्दाचा अर्थच ‘मला खांद्यावर घे’ असा झाला आणि तो सुटायला बरेच महिने गेले. वडिलांना वाटलं आपण होकार शिकवला. मुलाला जे मिळालं त्यावरून त्याने शब्दाचा अर्थ लावला. त्यात मला त्याची चूक दिसत नाही.

पुढे कितीतरी वर्षं हा दोष एकट्या मुलाच्या खात्यावर मांडला गेला. २०१२ साली डेमियन मिल्टन यांनी, जे स्वतः स्वमग्न आहेत, वेगळी मांडणी केली: गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, आम्हाला तुमचं मन वाचता येत नाही तसंच तुम्हालाही आमचं येत नाही. २०२० साली एडिंबरोमध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांवर एक प्रयोग केला. आठ-आठ जणांची साखळी, पहिल्याने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. सगळे स्वमग्न असले तर गोष्ट जितकी टिकली तितकीच सगळे इतर असले तरी टिकली. साखळीत दोन्ही प्रकारची माणसं मिसळली की गोष्ट लवकर गळत गेली. हे वाचलं तेव्हा मला ती चौकट आणि ते तेवीस खिळे आठवले. ‘स्वमग्न’ हा शब्द मी वापरते कारण सगळ्यांना तोच कळतो, पण तो मला कधीच पटला नाही. मी स्वतःत मग्न नव्हते. मी बाईंचा प्रत्येक शब्द ऐकत होते.

आता बाईंना भेटायला जाल तेव्हा भांडू नका. त्यांनाही हे कुणी शिकवलेलं नसतं. एवढंच सांगा की काय करायचं ते सरळ सांगितलं तर तो करतो: “झाकण दप्तरात ठेव.” प्रश्न विचारला की थोडं थांबायला सांगा. दोन सेकंदांत तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला की आमच्यासाठी तो नवा प्रश्न होतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. शाळा ऐकत नसेल तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तुमच्या बाजूने आहे. त्यातल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नता आहे आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करणं मान्यताप्राप्त शाळांवर बंधनकारक आहे.

पण त्याआधी त्याच्याशी बोला, शक्य तर आजच. त्याच्याकडून ‘सॉरी’ म्हणवून घेऊ नका, कशाबद्दल ते त्याला कळणार नाही. त्याला सांगा की बाई जे बोलल्या तेच तू केलंस, आणि तरी बाईंना राग आला, कारण त्यांना आवाज बंद व्हायला हवा होता. तो विचारेल, मग ‘बघ’ का म्हणाल्या? त्याचं खरं उत्तर द्या: मोठी माणसं रागावली की वाक्य अर्धंच बोलतात. पूर्ण वाक्य असं होतं, “पुन्हा वाजवलंस तर मी रागावेन, म्हणून वाजवू नकोस.”