हॅम रेडिओचं (म्हणजे हौशी रेडिओचं) लायसन्स अजून हातात नाही, तर आधी काय विकत घ्यावं?

ट्रान्सीव्हर, म्हणजे ऐकायचं आणि प्रक्षेपण करायचं असं दोन्ही करणारं यंत्र, अजिबात घेऊ नका. लायसन्सशिवाय प्रक्षेपण करणं गुन्हा आहे. ऐकायला मात्र आजच लागा.

पहिली पायरी फुकट आहे. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून चालवता येणारा रेडिओ रिसीव्हर) ब्राउझरमध्ये उघडा आणि ४० मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या थोडं वर जा. मोड लोअर साइडबँड (एलएसबी) ठेवा. सुरुवातीला बदकासारखा आवाज येतो. फ्रिक्वेन्सी अगदी थोडी मागेपुढे केली की तोच माणसाचा आवाज होतो. हे कान-हाताचं वळण फार मोलाचं आहे.

मग आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाच्या यूएसबीला लावायचा छोटा रिसीव्हर, घ्या. सोबत एसडीआर प्लस प्लस हे मोफत सॉफ्टवेअर. साधा डोंगल साधारण २४ मेगाहर्ट्झच्या वरचंच पकडतो. खालचे बँड हवे असतील तर त्याचं व्ही-४ मॉडेल बघा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना १४५.८०० मेगाहर्ट्झ लावून ठेवा, कधीकधी अंतराळवीर शाळकरी मुलांशी बोलताना ऐकू येतात.

खरा खर्च अँटेनावर करा, आणि तोही फारसा नाही. १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागलं की डायपोलची (मधोमध जोडलेल्या दोन सारख्या वायरींच्या अँटेनाची) लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ साठी साधारण २० मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तांब्याची वायर. गच्चीवर ताणा, पण विजेच्या तारांपासून लांब. खरखर जास्त येत असेल तर घरातले एलईडी दिवे आणि चार्जर एकेक करून बंद करून बघा, बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

दरम्यान एएसओसी, म्हणजे लायसन्ससाठी द्यावी लागणाऱ्या परीक्षेची तयारी सुरू ठेवा.