स्विफ्टला १४ ऐवजी १५ इंची टायर टाकले तर ॲव्हरेज किती पडेल?

तुमच्या स्विफ्टच्या व्हीएक्सआय मॉडेलला १६५/८० आर१४ टायर आहेत, दुकानदार अलॉय व्हीलसकट १८५/६५ आर१५ घ्या म्हणतोय, आणि ॲव्हरेजचं काय होईल असा तुमचा प्रश्न आहे. नुसता आकडा हवा असेल तर माझा अंदाज लिटरमागे अर्धा किलोमीटर कमी, फार तर पाऊण. मी हेच करायला गेलो होतो. आलो भलतेच टायर घेऊन आणि पुढचे सहा महिने गाडीला शिव्या घालत बसलो.

माझीही व्हीएक्सआयच. दुकानदार म्हणाला, "साहेब, ६५ कशाला, ७० घ्या. गाडी सेंटीमीटरभर उचलेल, स्पीडब्रेकरला खाली लागणार नाही." मला पटलं. १८५/७० आर१५ बसवले. आधी १८.४ देणारी गाडी पुढच्याच टाकीला १७ वर आली. टाकी ऑटो कटपर्यंत फुल केली, ४१२ किलोमीटर फिरलो, त्याच पंपावर पुन्हा फुल केली तर २४.२ लिटर बसलं. इंजेक्टर साफ करून घेतले, एअर फिल्टर बदलला, पंपवाल्यावरही संशय घेऊन झाला. काही फरक नाही.

मग एकदा टायरवरचे आकडे कागदावर मांडले. तुमचा १६५/८० आर१४ घ्या. रुंदी १६५ मिलिमीटर, साइडवॉल तिच्या ८० टक्के, म्हणजे १३२. वरची-खालची मिळून २६४. त्यात १४ इंची रिमचे ३५५.६ मिळवले की टायरचा व्यास ६१९.६. असंच १८५/६५ आर१५ चं केलं तर येतं ६२१.५. फरक जेमतेम दोन मिलिमीटर, म्हणून तर कंपनी स्विफ्टच्याच वरच्या झेडएक्सआय मॉडेलला हीच साइज देते. माझा ७० वाला मात्र निघाला ६४० चा, म्हणजे सव्वातीन टक्के मोठा.

आता गंमत अशी की गाडीला रस्ता मोजता येत नाही. ती चाकाचे फेरे मोजते आणि टायर कंपनीच्याच मापाचा आहे असं धरून किलोमीटर दाखवते. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, पण मीटरला त्याचा पत्ता नसतो. खात्री करायला एका रविवारी साताऱ्याहून कऱ्हाडच्या दिशेने निघालो आणि बायकोला हायवेच्या कडेचे किलोमीटरचे दगड मोजायला बसवलं. (तिचं मत विचारू नका.) ४० दगड झाले तेव्हा मीटरवर ३८.७ होते. म्हणजे माझे ते ४१२ किलोमीटर खरे ४२६ च्या आसपास होते आणि ॲव्हरेज १७ नव्हे, १७.६. पडलेल्या १.४ मधले ०.६ नुसते हिशेबातले. दगड मोजायचे नसतील तर मोबाइलच्या जीपीएसवरही हे तपासता येतं.

वर आणखी एक. माझे जुने टायर पार गोटा झाले होते. झिजलेला टायर लहान असतो, त्यामुळे मीटर टक्काभर जास्त किलोमीटर दाखवतं. म्हणजे ते १८.४ सुद्धा थोडं फुगलेलंच होतं. त्याच साइजचे नवे टायर टाकले तरी "ॲव्हरेज पडलं" म्हणणारे भेटतात ते यामुळेही. शिवाय नव्या टायरचं जाड रबर रस्त्यावर जास्त दबतं, त्यात थोडी ताकद जाते. झिजेल तसं ते कमी होतं.

राहिली ती खरी घट. चाक जड झालं, हे तिचं एक कारण. भंगारवाल्याच्या काट्यावर जुनी लोखंडी डिस्क टायरसकट आणि नवं अलॉय टायरसकट ठेवून पाहिलं, तर नवं दोन किलोने जड. अलॉय म्हणजे हलकंच, हा समज स्वस्त अलॉयच्या बाबतीत खोटा ठरतो. गावात दर सिग्नलला थांबून पुन्हा हे वजन फिरवायचं म्हणजे पेट्रोल जाणारच. हायवेवर वजनाचा त्रास कमी, तिथे रुंद टायर वारा जास्त अडवतो. शिवाय मोठ्या टायरमुळे सगळे गिअर थोडे लांबतात, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त पुढे जाते पण जोर कमी पडतो. सपाट रस्त्यावर पाचव्यात इंजिन शांत वाटतं, पण यवतेश्वरच्या घाटात जिथे तिसऱ्यात चढायचो तिथे दुसरा टाकावा लागायला लागला.

तुम्ही ६५ च घेणार असाल तर मीटरचा आणि गिअरचा हा घोळ तुम्हाला होणार नाही. तुमच्याकडे फक्त रुंदी आणि वजन वाढेल. त्यातही कोणत्या रबराचा टायर घेता यावर बरंच आहे. रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे टायर फिरताना होणारा अडथळा, दहा टक्के वाढला तर पेट्रोल एक ते दोन टक्के जास्त जातं, आणि एकाच साइजच्या दोन टायरांत एवढा फरक सहज असतो. दुकानदाराला ते विचारा. तो बहुतेक "सगळे सारखेच" म्हणेल, मग दुसऱ्या दुकानात जा. हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे आणि टायर थंड असताना भरा. चारही टायरांत पाच पीएसआय कमी असले तर टक्काभर ॲव्हरेज तिथेच जातं.

टायरवर साइजनंतर येणारा लोड इंडेक्सचा (टायर किती वजन पेलतो त्याचा) आकडा जुन्यापेक्षा कमी नको, हेही बघून घ्या. मोठा टायर टाकायचा मोह झालाच तर स्पीडोमीटरचाही विचार करा. माझ्यासारखा घेतलात तर काटा कंपनीच्या टायरवर दाखवायचा त्यापेक्षा तीन टक्के कमी दाखवेल, आणि कॅमेरा तुमचा काटा बघत नाही.

आणि स्टेपनी. तुमची १४ इंची स्टेपनी ६५ वाल्या चाकांच्या जोडीला पंक्चरवाल्यापर्यंत जायला चालून जाईल, व्यास जवळपास तोच आहे. माझ्या गाडीला ती लावली की एक बाजू सेंटीमीटरभर खाली बसते.