जबड्याच्या हाडावर थीसिस करणाऱ्या ज्युनियरला

भावा, हाडांच्या औषधांमुळं जबड्याचं हाड मरतं (MRONJ), हा विषय भारी घेतलायस, पण आत्ताच पेपर डाउनलोड करत बसू नको, आधी पेशंटला विचारायचं कसं ते शिक. कागल नाहीतर गडहिंग्लजहून आलेल्या आजीला 'बिस्फॉस्फोनेट चालू आहे का' (म्हणजे हाडांची झीज थांबवायचं औषध) म्हणालास तर ती नाहीच म्हणणार की! तिला विचार, हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातनं एकदा सलाईन लावत्यात काय, नाहीतर सहा महिन्यानं पोटात सुई? मग निघतंय सगळं. कॅन्सरचं पण विचार, कारण त्यात झोलेड्रोनेट (तेच सलाईनमधलं औषध) 4 मिलिग्रॅम साधारण दर तीन-चार आठवड्याला देत्यात आणि ठिसूळ हाडांना 5 मिलिग्रॅम वर्षातनं एकदाच, ही दोन्ही माणसं एका ग्रुपात कोंबलीस तर तुझ्या आकड्यांना काय अर्थ राहत नाही.

आजाराची व्याख्या पक्की धर. उघडं हाड 8 आठवड्यांपेक्षा जास्त, औषधाची हिस्ट्री, आणि जबड्याला रेडिएशन झालेलं नसावं (झालं असलं तर तो आजारच वेगळा). मार्क्स नावाच्या अमेरिकन सर्जननं या आजाराबद्दल 2003 ला लिहिलं, पण 19व्या शतकात काडेपेटीच्या कारखान्यातल्या कामगारांचे जबडे फॉस्फरसनं सडायचे ते पण वाच, गाईड खूश होतील.

आणि एक, दात काढायचाय म्हणून डेनोसुमॅब (ती सहा महिन्याची सुई) आपल्या मनानं थांबवायला सांगू नको, डोस लांबला की मणके मोडू शकतात, आधी हाडाच्या डॉक्टरांना फोन लाव. एथिक्स कमिटीचं पत्र आल्याशिवाय एक पण फॉर्म भरून घ्यायचा नाही, सर कितीही घाई करू देत.