रिसीव्हरचे वॉट आणि त्यामागच्या अटी

होम थिएटरबद्दल प्रश्न पाठवा, असे गेल्या अंकात लिहिले होते. आलेल्या पत्रांतल्या बहुतेकांची गाडी एव्ही रिसीव्हरपाशी, म्हणजे टीव्ही-प्लेअरचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरपाशी, अडली आहे, म्हणून या वेळचे सदर त्यालाच. मॉडेलची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. ती वर्षा-दोन वर्षांत बदलतात. पारखायचे मुद्दे बदलत नाहीत. आधी पत्रातला प्रश्न, त्याखाली आमचे उत्तर.

कोथरूडला आमचा हॉल 11 बाय 16 फुटांचा आहे. एक दुकानदार 5.2 चॅनलचा (पाच स्पीकर आणि बासचे दोन सबवूफर) 80 वॉटचा रिसीव्हर पुरे म्हणतो. दुसरा म्हणतो, घ्यायचा तर 7.2 चा, 175 वॉटचाच घ्या. किमतीत बराच फरक आहे. ऐकावे कोणाचे?

दोघांकडून माहितीपत्रक मागवा आणि वॉटच्या आकड्याखालचा बारीक मजकूर वाचा. एकाच यंत्राच्या पत्रकात 80 आणि 175 हे दोन्ही आकडे सापडू शकतात आणि दोन्ही खरे असतात. 80 चा आकडा बहुधा असा मोजलेला असतो: 8 ओहमचा स्पीकर, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ हा पूर्ण पट्टा, दोन चॅनल एकाच वेळी चालू आणि विकृती (डिस्टॉर्शन) 0.08 टक्के. 175 साठी स्पीकर 6 ओहमचा घेतात, सूर फक्त 1 किलोहर्ट्झचा, चॅनल एकच चालू आणि विकृती 10 टक्के. 10 टक्के विकृती म्हणजे आवाज कानाला सरळ फाटलेला लागतो. खोक्यावर मात्र हाच आकडा मोठ्या अक्षरात छापतात. दोन यंत्रांची तुलना करायची तर पहिल्या पद्धतीच्या आकड्यानेच करा. तो आकडा पत्रकात दिलाच नसेल, तर ते यंत्र यादीतून काढलेले बरे.

आता 80 पुरतील का? हे रिसीव्हरपेक्षा स्पीकरवर अवलंबून आहे. स्पीकरच्या पत्रकात सेन्सिटिव्हिटी म्हणून एक आकडा असतो, समजा 88 डेसिबल. याचा अर्थ 1 वॉट दिला तर 1 मीटरवर 88 डेसिबल आवाज. मोकळ्या जागेत 3 मीटरवर तो साधारण 78 वर येतो. बंद खोलीत भिंतींमुळे थोडा जास्तच मिळतो. घरात सिनेमा बघताना संवाद याहून हळू असतात, म्हणजे बराच वेळ रिसीव्हर 1 वॉटच्या आतबाहेर काम करत असतो. बाकीची ताकद स्फोट, ढोल अशा क्षणिक उसळ्यांसाठी. वॉट दुप्पट केले की आवाज 3 डेसिबलने वाढतो. 80 चे 100 केले तर जेमतेम 1 डेसिबलने. त्याउलट 85 डेसिबलचा स्पीकर सोडून 88 चा घेतला, की वॉट दुप्पट केल्यासारखेच झाले. तुमच्या हॉलला 87-88 डेसिबलचे, 8 ओहमचे स्पीकर असतील तर खरे 80 वॉट पुरतात. स्पीकर 4 ओहमचे असतील तर रिसीव्हरच्या पाठीवर स्पीकरच्या खुंट्यांशेजारी काय छापले आहे ते बघा. तिथे 6 ते 16 ओहम लिहिले असेल, तर ती जोडी जमायची नाही.

चॅनलचा हिशेब वेगळा. 16 फुटी हॉलमध्ये सोफा बहुधा मागच्या भिंतीला टेकलेला असतो. तिथे 7.1 मधले मागचे दोन स्पीकर ठेवायला जागाच नसते; भिंतीला टांगले तरी ते कानामागे फूटभर अंतरावर येतात आणि नुसता गलका करतात. तुमच्याकडे अशी मांडणी असेल तर 5.1 उत्तम. पण पुढेमागे ॲटमॉसचे (वरूनही आवाज देणारी डॉल्बीची पद्धत) छतातले दोन स्पीकर लावायचे असतील, तर ती मांडणी 5.1.2 होते आणि तिला सात ॲम्प्लिफायर लागतात. 5.2 च्या यंत्रात ते नंतर वाढवता येत नाहीत. थोडक्यात, दुसऱ्या दुकानदाराचे सात चॅनल घेण्यासारखे असतील, त्याचे 175 वॉट नव्हेत.

वॉटऐवजी पैसे घालायचेच तर खोलीनुसार आवाज जुळवणाऱ्या यंत्रणेवर घाला. 16 फुटांच्या लांबीत 35 हर्ट्झच्या आसपास आणि 11 फुटांच्या रुंदीत 51 च्या आसपास आवाज घुमतो. सोफ्याच्या एका टोकाला बास धमधम करतो, दुसऱ्या टोकाला गायब असतो. ऑडिसी, यामाहाचे वायपाओ, डिराक लाइव्ह या यंत्रणा माइकने मोजून हे बरेच आटोक्यात आणतात. ऑडिसीतही साधी मल्टईक्यू, मग एक्सटी, मग एक्सटी32 अशा चढत्या पायऱ्या आहेत. शेवटची सर्वांत बारकाईने काम करते. माइक हातात धरू नका किंवा सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला लावा, पंखा बंद करा आणि रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर रात्री मोजणी करा. नंतर मेनूत सर्व स्पीकर 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर (ज्याखालचा बास सबवूफरकडे जातो ती मर्यादा) 80 हर्ट्झ आहे ना ते तपासा. सबवूफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा चार-पाच फूट जास्त दाखवले असेल, तर टेप घेऊन ते 'दुरुस्त' करू नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाज किंचित उशिरा निघतो, तो उशीर त्या अंतरात धरलेला असतो.

मुलगा न्यू जर्सीहून येताना रिसीव्हर आणतो म्हणतो. तिकडे स्वस्त पडतो. आणू द्यावा का?

नको. अमेरिकेत विकले जाणारे बहुतेक रिसीव्हर फक्त 120 व्होल्टचे असतात. लॅपटॉपच्या चार्जरसारखे ते आपोआप जुळवून घेत नाहीत. आपल्या 230 व्होल्टच्या प्लगमध्ये घातला की पहिल्याच मिनिटाला कामातून जातो. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण रिसीव्हरच्या पाठीवर 500 वॉट लिहिले असेल तर ट्रान्सफॉर्मर किमान 1000 व्हीएचा हवा. तो वजनदार असतो, रात्रीच्या शांततेत गुणगुणतो, आणि कोणी चुकून रिसीव्हर थेट भिंतीच्या प्लगला जोडला की संपलेच. शिवाय तिकडची वॉरंटी इथे बहुधा चालत नाही. बोर्ड गेला तर इथले सेवा केंद्र हात लावेलच असे नाही.

आणखी एक गंमत. तिकडच्या अनेक रिसीव्हरचा एफएम ट्यूनर 0.2 मेगाहर्ट्झच्या टप्प्याने, फक्त विषम दशांशांवर थांबतो. 93.5 आणि 98.3 मिळतील, आकाशवाणी पुण्याचे 101 मात्र 100.9 आणि 101.1 च्या मध्येच अडकेल, नीट लागणार नाही. मध्यम लहरींवर तिकडे 10 किलोहर्ट्झचे टप्पे, आपल्याकडे 9 चे. त्यामुळे आकाशवाणी पुण्याच्या 792 चीही तीच गत. मुलाला आणायचेच असेल तर चांगले केळी प्लग (स्पीकरच्या वायरीच्या टोकाला लावायचे) आणि कॅलिब्रेशनचा यूएसबी माइक आणायला सांगा. दोन्हीला व्होल्टेजची भानगड नाही.

जुना डीव्हीडी होम थिएटरचा संच आहे. प्लेअर बिघडला, पण पाच स्पीकर आणि सबवूफर ठणठणीत आहेत. नवा रिसीव्हर घेऊन तेच जोडता येतील का?

सबवूफर नाहीच. त्या संचांतला सबवूफर बहुधा पॅसिव्ह असतो, त्याचा ॲम्प्लिफायर प्लेअरच्या पोटात असतो. रिसीव्हरच्या 'सबवूफर प्री-आउट'मधून नुसता सिग्नल निघतो, ताकद नाही. छोटे स्पीकर पुष्कळदा 3 किंवा 4 ओहमचे असतात. पाठीवरचा आकडा वाचा. 6 च्या खाली असेल तर जोडू नका. शिवाय त्या तळहाताएवढ्या डब्या 150 हर्ट्झच्या खाली फारसे काही वाजवत नाहीत. एकदम सगळे परवडत नसेल तर रिसीव्हर, पुढचे दोन बुकशेल्फ स्पीकर आणि मधला एवढेच घ्या, सबवूफर पुढच्या दिवाळीला.

बाणेरला नवा फ्लॅट घेतला आहे, पीओपीचे काम सुरू होणार. वायरमनला काय सांगू?

हे पत्र वेळेवर आले. छत बंद झाल्यावर येते, तेव्हा आम्हाला फक्त हळहळता येते.

स्पीकरसाठी शुद्ध तांब्याची दोन पदरी वायर घ्या. पुण्याच्या तपकीर गल्लीत ती मीटरवर मिळते, पण त्याच दुकानांत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायरही असते. टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरे दिसले तर परत करा. जाडीचा हिशेब असा: 1.5 एमएमच्या (म्हणजे चौरस मिलिमीटरच्या) तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला 0.012 ओहमच्या आसपास असतो. स्पीकर 10 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 20 मीटर, म्हणजे 0.24 ओहम. वायरीचा रोध स्पीकरच्या 5 टक्क्यांच्या आत ठेवायचा असा दंडक आहे. 8 ओहमला ही मर्यादा 0.4 येते, तेव्हा 1.5 एमएम पुरते. 4 ओहमचे स्पीकर किंवा 15 मीटरहून लांबचा पल्ला असेल तर 2.5 एमएम टाका.

ही वायर विजेच्या पाइपातून नेऊ देऊ नका. 'एकाच पाइपात जाते की' असे वायरमन हमखास म्हणतो. वेगळा पाइप, विजेच्या पाइपापासून फूटभर लांब. एकमेकांना ओलांडायचे तर काटकोनात. प्रोजेक्टरची एचडीएमआय जाणार असेल तिथे पाइप 32 एमएमचा घ्या. 20 च्या पाइपात एचडीएमआयचा प्लग जातच नाही, 25 मध्ये गेला तरी वळणावर अडतो. वळणांना एल्बो न वापरता लांब बेंड वापरा आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा, म्हणजे पुढे केबल बदलता येईल.

पाच मीटरपलीकडे तांब्याच्या एचडीएमआयचा भरवसा नाही. 4के 60 च्या 18 गिगाबिटला ती अडखळते. पडद्यावर ठिणग्यांसारखे ठिपके दिसतात किंवा चित्र मधेच जाते. तिथे ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते: एका टोकावर 'सोर्स', दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेले असते. उलटी ओढली तर चित्र येत नाही. म्हणून पाइपात घालण्याआधी जमिनीवर पसरून रिसीव्हर आणि प्रोजेक्टर जोडून बघा, छत बंद करण्याआधी पुन्हा एकदा बघा. सबवूफरसाठी शील्ड केलेल्या केबल दोन ठिकाणी नेऊन ठेवा, एक टीव्हीच्या भिंतीला आणि एक सोफ्याच्या बाजूला. तो कुठे चांगला वाजेल हे आज सांगता येत नाही.

छतातले ॲटमॉसचे दोन स्पीकर बसल्या जागेच्या जवळपास डोक्यावर, किंचित पुढे यायला हवेत. आधी पंख्याची आणि दिव्यांची जागा ठरते आणि उरलेल्या कोपऱ्यात स्पीकर ढकलतात, तसे होऊ देऊ नका. जिप्समच्या तुकड्यावर स्पीकरचा सगळा भार न देता मागून फ्रेमला आधार द्या. नाहीतर मोठ्या आवाजात छतच वाजते.

टीव्ही नवा, रिसीव्हर नवा, दोघांवर ॲटमॉसचे चिन्ह आहे. तरी रिसीव्हरच्या पट्टीवर 'स्टीरिओ' किंवा 'पीसीएम' येते.

टीव्हीतले ॲप वापरत असाल, तर बहुतेक वेळा दोष टीव्हीच्या मेनूत असतो. रिसीव्हरच्या एचडीएमआय आउटमधून निघालेली केबल टीव्हीच्या ज्या तोंडावर एआरसी किंवा ईएआरसी (टीव्हीचा आवाज त्याच केबलने रिसीव्हरकडे परत आणणारी सोय) लिहिले आहे त्यातच गेली आहे ना, ते टॉर्च लावून बघा. मग दोन्हीकडे सीईसी (एचडीएमआयवरून यंत्रांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय) सुरू करा. टीव्हीत प्रत्येक कंपनीने त्याला वेगळे नाव ठेवले आहे: ॲनीनेट प्लस, सिम्पलिंक, ब्राव्हिया सिंक. नंतर टीव्हीच्या साउंड मेनूत 'डिजिटल आउटपुट' पीसीएमवरून पास-थ्रू किंवा ऑटोवर आणा. एवढे करूनही फरक नसेल तर दोन्हींचे बटण भिंतीवरून बंद करा, तीन मिनिटे थांबा, आधी टीव्ही आणि मग रिसीव्हर सुरू करा.

ओटीटीवरचे ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमधून येते, त्याला साधे एआरसी पुरते. ईएआरसी लागते ते ब्लू-रे प्लेअर टीव्हीला जोडून डिस्कवरचे मूळ दर्जाचे डॉल्बी ट्रूएचडी ऐकायचे असेल तेव्हा. टीव्ही आणि रिसीव्हर ऑप्टिकल केबलने जोडले असतील तर ॲटमॉस येणारच नाही. त्यातून साधे डॉल्बी डिजिटल 5.1 पर्यंतच जाते. आणि तपासणी यूट्यूबवरच्या 'ॲटमॉस डेमो'ने करू नका, यूट्यूब ॲटमॉस पाठवत नाही.

अर्ध्या तासाने रिसीव्हर आपोआप बंद पडतो, लाल दिवा लुकलुकतो. सेवा केंद्राला बोलवू का?

आधी घरच्या घरी बघा. प्लग काढा आणि मागच्या सगळ्या स्पीकर वायरी सोडवा. प्रत्येक टोक दिव्याखाली धरा: केसासारखी एखादी तार सुटून शेजारच्या खुंटीला टेकलेली असते आणि तेवढ्यावर यंत्र स्वतःला वाचवायला बंद होते. टोक 10-12 मिलिमीटर सोलून घट्ट पिळा, शक्यतो केळी प्लग लावा. एकही स्पीकर न जोडता रिसीव्हर सुरू करा. मग एकेक वाढवत जा, प्रत्येक वेळी आधी प्लग काढून. मल्टिमीटर असेल तर 8 ओहमचा स्पीकर साधारण 5 ते 7 ओहम दाखवतो. शून्याजवळ काटा गेला तर स्पीकर किंवा वायर शॉर्ट आहे.

वायरी ठीक असतील तर उष्णतेकडे वळा. काचेचे दार लावलेल्या टीव्ही युनिटमध्ये, डोक्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवलेला रिसीव्हर एप्रिलमध्ये बंद पडला नाही तरच नवल. वर किमान 10 सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा, युनिटची मागची फळी कापून घ्या आणि जाळीवरची धूळ ब्रशने काढा. एकही स्पीकर न जोडता, उघड्यावर ठेवूनही तो बंद पडला, तर मग सेवा केंद्र.

गाणी दणक्यात, संवाद मात्र ऐकू येत नाहीत. आई सारखी आवाज वाढवायला सांगते.

मधल्या स्पीकरची पातळी 2-3 डेसिबलने वाढवा. तो टीव्हीखालच्या कप्प्यात आत सरकवलेला असेल तर कडेपर्यंत पुढे ओढा आणि पुढच्या बाजूला रबरी बूच लावून तोंड कानाकडे वर करा. रात्री डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन (मोठे आवाज दाबून हळू आवाज वर आणणारी सोय) किंवा नाइट मोड सुरू ठेवा. मालिका आणि नाटकांचे कार्यक्रम बहुधा स्टीरिओत असतात. तेव्हा डॉल्बी सराउंड मोड निवडा, संवाद मधल्या स्पीकरवर येतात.