ड्राफ्ट की कॉलेज? न्यू जर्सीतील एका वडिलांच्या पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण एडिसनहून लिहिता की आपला मुलगा सतरा वर्षांचा आहे आणि येत्या सप्टेंबरात बारावीत जाईल. शाळेच्या बेसबॉल संघात तो सेंटर फील्डला (मैदानाच्या बाहेरच्या भागात मधोमध) खेळतो, फलंदाजी डाव्या हाताने करतो, उजव्या हाताने चेंडू फेकतो, साठ यार्ड ६.६ सेकंदांत धावतो आणि गेल्या मोसमात त्याची फलंदाजीची सरासरी .४३० (म्हणजे हजार संधींमागे ४३० यशस्वी फटके, अर्थात हिट) होती. कॉलेज खेळांच्या सर्वोच्च श्रेणीतल्या, म्हणजे डिव्हिजन वनमधल्या, एका विद्यापीठाने त्याला तोंडी जागा देऊ केली आहे, मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीगमधल्या एका क्लबच्या स्काउटने (होतकरू खेळाडू हेरणाऱ्याने) माहितीचा फॉर्म भरून घेतला आहे, आणि ट्रॅव्हल संघाचे (शाळेबाहेर गावोगावी स्पर्धा खेळणाऱ्या संघाचे) प्रशिक्षक छातीठोकपणे सांगतात की तो ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, जाणारच. त्याच्या आईला शिक्षण सुटण्याची धास्ती वाटते. आपण स्वतः सांगलीत क्लब क्रिकेट खेळलेले असल्याने मुलाच्या हातातले कसब आपल्याला दिसते, पण ते किती मोलाचे आहे याचा अंदाज येत नाही. मुलगा खरोखर त्या तोडीचा आहे का, आणि असल्यास कॉलेज सोडून त्याला करारावर सही करू द्यावी का, हे आपले दोन प्रश्न आहेत.

आधी त्या फॉर्मबद्दल लिहितो, कारण घरातल्या चर्चेला तिथूनच ताप चढलेला दिसतो. स्काउटने फॉर्म भरून घेतला याचा अर्थ आपल्या मुलाचे नाव त्या क्लबच्या नोंदीत गेले, एवढाच आहे. एका विभागाचा स्काउट दरवर्षी असे पुष्कळ फॉर्म भरून घेतो. गांभीर्य पुढच्या पायऱ्यांवर कळते. त्याच स्काउटने पुन्हा पुन्हा येऊन सामने पाहणे, मग अनेक राज्ये पाहणाऱ्या वरिष्ठ स्काउटला सोबत आणणे, हिवाळ्यात घरी येऊन आईवडिलांशी बोलणे आणि अखेरीस स्काउटिंग डायरेक्टरने स्वतः मैदानावर हजर राहणे, असा तो क्रम असतो. यातली पहिलीच पायरी आपण चढला आहात, म्हणून आज आनंद जरूर मानावा, पण त्यावर कोणताही निर्णय उभारू नये.

आउटफिल्डरचे, म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या भागात खेळणाऱ्याचे, मोल ठरवताना स्काउट पाच गोष्टी पाहतात: चेंडू बॅटवर घेण्याची क्षमता, फटक्यातली ताकद, धावण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि फेक. प्रत्येकाला २० ते ८० या मापात गुण दिले जातात. ५० म्हणजे मेजर लीगमधल्या खेळाडूची सरासरी. शाळेतल्या मुलांची सरासरी नव्हे, हे कृपया ध्यानात घ्यावे. शिवाय प्रत्येक गोष्टीला दोन आकडे मिळतात, एक आजचा आणि एक पूर्ण वाढ झाल्यावर अपेक्षित असलेला. चांगल्या शालेय फलंदाजालाही आजच्या फलंदाजीसाठी ३० गुण मिळाले तर त्यात अपमान नसतो. स्काउट जे विकत घेतो ते दुसऱ्या आकड्याचे स्वप्न असते, आणि ते स्वप्न किती खरे ठरेल याच अंदाजावर त्याची नोकरी चालते.

आपल्या मुलाचा वेग खरा आहे. साठ यार्डांसाठी ६.७ ते ६.८ सेकंद ही साधारण सरासरी धरतात, त्यामुळे ६.६ हा तिच्याहून चांगला आकडा आहे. तरीही सरळ रेषेतल्या धावेपेक्षा फटका मारल्यानंतर पहिल्या बेसपर्यंत (धावेच्या पहिल्या टप्प्यापर्यंत) तो किती वेळात पोचतो हे स्काउट अधिक आस्थेने मोजतात. डावखुऱ्या फलंदाजाला तिथे सुमारे ४.२ सेकंद लागतात. त्याहून कमी वेळ तो वारंवार नोंदवत असेल तर ती जमेची बाजू आहे. सेंटर फील्डबद्दल मात्र थोडी सावधगिरी बाळगावी. शाळेत बहुधा सर्वात चपळ मुलगा तिथे उभा राहतो, पण वाढत्या वयात शरीर भरले आणि वेग थोडा घटला की त्याला लेफ्ट किंवा राइट फील्डला हलवले जाते, आणि त्या जागांवर क्लबला मुख्यतः जोरदार फटकेबाज हवा असतो. म्हणून स्काउट त्याचे खांदे, मनगटे आणि शरीराची ठेवण पाहतात, आणि कित्येकदा आपल्याकडेही निरखून पाहतात, कारण मुलगा पुढे कसा भरेल याचा अंदाज त्यांना आईवडिलांच्या बांध्यावरून येतो.

आता मुख्य मुद्दा. वेग, फेक आणि क्षेत्ररक्षण या गोष्टी एका दुपारी मोजता येतात. फलंदाजी मोजता येत नाही, आणि आउटफिल्डरचे भवितव्य जवळजवळ सगळे तिच्यावरच ठरते. .४३० ही सरासरी स्काउटच्या दृष्टीने फार काही सांगत नाही. शाळेच्या सामन्यांत धातूची बॅट असते आणि समोरचा पिचर (चेंडू टाकणारा) बहुधा ताशी ७५ ते ८५ मैलांच्या आसपास चेंडू टाकतो. मेजर लीगमध्ये फास्टबॉलची सरासरीच सुमारे ९४ मैल आहे आणि बॅट लाकडाची आहे. आपण क्रिकेट खेळलेले आहात म्हणून आपल्याच अनुभवातले उदाहरण देतो. मॅटिंगवर गल्लीतल्या गोलंदाजांना झोडपणारा मुलगा हिरव्या खेळपट्टीवर खऱ्या वेगवान गोलंदाजासमोर उभा राहिला की पहिल्या तीन चेंडूंत त्याचे पाय काय करतात, हे आपल्याला ठाऊक आहे. बेसबॉलमध्ये त्यात आणखी एक भर पडते: चेंडू टप्पा न पडता हवेतच शेवटच्या क्षणी वळतो.

म्हणून पुढच्या तीन महिन्यांत आपण स्वतः एक वही ठेवावी असे मी सुचवेन. ज्या स्पर्धांत लाकडी बॅट वापरतात आणि पिचर ९० मैलांच्या पुढे टाकतात, तेवढ्याच सामन्यांची नोंद करावी. किती हिट मिळाले हे लिहिले नाही तरी चालेल. स्ट्राइकच्या पट्ट्यात, म्हणजे फलंदाजासमोरच्या वैध क्षेत्रात, आलेल्या किती चेंडूंवर त्याची बॅट हवेतून गेली, पट्ट्याबाहेर जाणाऱ्या किती स्लायडरचा (शेवटी बाजूला वळणाऱ्या चेंडूंचा) त्याने पाठलाग केला, दोन स्ट्राइक झाल्यावर (तिसऱ्याला फलंदाज बाद होतो) त्याचा पवित्रा बदलला का, आणि एकाच पिचरला दुसऱ्यांदा सामोरे जाताना तो काही शिकलेला दिसला का, एवढेच लिहावे. पट्ट्यातले चेंडू त्याच्या हातून क्वचितच चुकत असतील तर आपल्याकडे खरोखर काहीतरी आहे. वारंवार चुकत असतील तर साठ यार्डांचा वेग त्याला वाचवू शकणार नाही, आणि ते अठराव्या वर्षी कॉलेजात कळणे हे मायनर लीगमध्ये (मेजर लीग क्लबांच्या खालच्या संघांत) बाविसाव्या वर्षी कळण्यापेक्षा कितीतरी बरे.

हे किती अवघड आहे ते २००९ च्या ड्राफ्टवरून दिसते. त्या वर्षी सॅन दिएगो पाद्रेसने तिसऱ्या क्रमांकावर डोनावन टेट हा जॉर्जियातला शालेय आउटफिल्डर निवडला आणि त्याला करारावर सही करण्यासाठी साडेबासष्ट लाख डॉलरचा बोनस दिला. धाव, फेक, ताकद, सारे त्याच्याजवळ होते. तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. त्याच ड्राफ्टमध्ये पंचविसाव्या क्रमांकावर एंजल्स क्लबने आणखी एक शालेय आउटफिल्डर घेतला, तो आपल्याच न्यू जर्सीच्या मिलव्हिल गावचा माइक ट्राउट, जो पुढे मेजर लीगचा मोठा तारा ठरला. त्याच्या आधी बऱ्याच क्लबांनी दुसरी नावे पुकारली. हे सारे अनुभवी लोक होते, वर्षभर मैदाने तुडवणारे होते, तरीही चुकले. तेव्हा आपल्या प्रशिक्षकांच्या 'जाणारच' या शब्दावर किती भार टाकायचा हे आपणच ठरवावे. त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही, पण त्यांनी पाहिलेली मुले एका जिल्ह्यातली आहेत आणि स्पर्धा साऱ्या देशाशी आहे.

ट्राउटच्या उदाहरणात न्यू जर्सीच्या मुलांसाठी आणखी एक धडा आहे. फ्लोरिडा, टेक्सास आणि कॅलिफोर्नियातली मुले जवळजवळ वर्षभर खेळतात. आपल्याकडे शाळेचा मोसम मार्चअखेर थंडीत सुरू होतो, पावसाने सामने रद्द होतात आणि स्काउटला मुलाची फलंदाजी पाहण्याच्या संधी फार थोड्या मिळतात. ही उणीव उन्हाळ्यातच भरून काढावी लागते. मात्र पैसे भरून नाव नोंदवता येणाऱ्या प्रत्येक शोकेसला (स्काउटांसमोर खेळ दाखवण्याच्या मेळाव्याला) मुलाला नेऊ नये. चांगल्या पिचरांसमोर त्याला उभे करणाऱ्या दोन-तीन स्पर्धा निवडाव्यात आणि उरलेला वेळ व्यायाम, झोप आणि अभ्यासाला द्यावा.

वयाची गोष्ट आपण पत्रात ओझरती लिहिली आहे, पण ती महत्त्वाची आहे. ड्राफ्ट जुलैत होतो. तेव्हा आपला मुलगा नुकताच अठरा पूर्ण करून असेल, आणि त्याच वर्गातली काही मुले एकोणीसची झालेली असतील. वाढीच्या वयात एक वर्षाचा फरक मोठा असतो, आणि क्लब आता तो बारकाईने हिशेबात धरतात. २०२३ साली टोरोंटो ब्लू जेजने विसाव्या क्रमांकावर निवडलेला अर्जुन निम्मला हा फ्लोरिडातला भारतीय वंशाचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) त्या दिवशी सतराच वर्षांचा होता. त्याचे नाव आपल्या घरात आधीच घेतले जात असेल. मुलाने त्यापासून उमेद जरूर घ्यावी, पण पहिल्या फेरीत शाळेतून निवड होणे हे फार थोड्यांच्या वाट्याला येते.

आता पैशाकडे वळू. २०२१ पासून ड्राफ्ट वीस फेऱ्यांचा आहे. २०१९ पर्यंत तो चाळीस फेऱ्यांचा होता. त्याच सुमारास मायनर लीगचे संघ कमी करून एकूण १२० करण्यात आले. त्यामुळे शेवटच्या फेऱ्यांत एखाद्या शालेय मुलाला स्वस्तात घेऊन चार वर्षे सांभाळण्याची प्रथा आटली आहे. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक निवडीला ठरीव किंमत, म्हणजे बोनसची नेमून दिलेली रक्कम, असते. २०२४ साली पहिल्या क्रमांकाची किंमत १ कोटी ५ लाख डॉलरच्या पुढे होती आणि दहाव्या फेरीच्या तळाशी ती दोन लाखांच्याही खाली होती. क्लबाला साधारणपणे या किमतींच्या बेरजेच्या आसपासच भागवावे लागते, त्यामुळे एका खेळाडूवर वाचवलेले पैसे दुसऱ्याला देता येतात. शालेय मुलांना ठरीव किमतीपेक्षा जास्त रक्कम मिळते ती अशीच. म्हणूनच स्काउट आपल्याला ड्राफ्टपूर्वी विचारेल की किती रकमेला मुलगा सही करील. त्या प्रश्नाचे उत्तर घरात आधीच ठरलेले असावे, आणि निवडीच्या दिवशी फोन वाजल्यावर ते बदलू नये.

तो आकडा काढताना बोनसमधून कर आणि एजंटचा हिस्सा वजा करावा. पहिली काही वर्षे पगारावर विसंबता येणार नाही, हेही लक्षात ठेवावे: २०२३ च्या करारानुसार सर्वात खालच्या पातळीला वर्षाला १९,८०० डॉलर आणि मेजर लीगच्या लगेच खालच्या ट्रिपल-ए पातळीला ३५,८०० डॉलर ठरले होते. राहण्याची सोय क्लब करतो. शिक्षणाची बाजू त्याच्या आईला सांगावी: करार करतानाच कॉलेजच्या खर्चाची रक्कम लिहून घेता येते आणि खेळ सुटल्यावर दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू केल्यास क्लब ती भरतो. तरतूद चांगली आहे, पण चोविसाव्या वर्षी पहिल्या सत्राच्या वर्गात जाऊन बसण्याची जिद्द मुलात आहे का, हे आईलाच माझ्याहून चांगले कळेल. एकदा सही झाली की कॉलेजात बेसबॉल खेळण्याचा मार्ग बंद होतो.

कॉलेजचा रस्ता निवडला म्हणजे स्वप्न सोडले, असे मुलाला वाटू देऊ नये. न्यूयॉर्क यांकीज क्लबचा विख्यात फटकेबाज आरन जज याला २०१० साली ओकलंडच्या क्लबने शाळेतून एकतिसाव्या फेरीत निवडले होते. त्याचे आईवडील दोघेही शिक्षक. तो फ्रेस्नो स्टेटला गेला आणि २०१३ साली यांकीजने त्याला बत्तिसाव्या क्रमांकावर, म्हणजे पहिल्याच फेरीत घेतले. चार वर्षांच्या विद्यापीठात गेल्यास मुलगा पुन्हा ड्राफ्टला पात्र होतो तो तिसऱ्या वर्षानंतर किंवा एकविसाव्या वर्षी. दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजला गेल्यास पुढच्याच वर्षी. मात्र विद्यापीठाच्या तोंडी शब्दालाही पूर्ण मानू नका. कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत पूर्वीची ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाऊन संघात ३४ खेळाडूंची मर्यादा आली आहे, आणि दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन आलेले बावीस-तेवीस वर्षांचे खेळाडू याच जागा अडवतात. प्रशिक्षकांना विचारा की शिष्यवृत्ती किती, ती किती वर्षांची, आणि सध्या संघातले किती आउटफिल्डर पुढच्या वर्षी राहणार आहेत. उत्तर लेखी मागा.

आपण स्पष्ट मत मागितले आहे, म्हणून देतो. आपण पाठवलेल्या माहितीवरून हा मुलगा ड्राफ्टने दखल घ्यावी असा वाटतो, पण पहिल्या दोन-तीन फेऱ्यांचा खेळाडू म्हणावे इतका पुरावा फलंदाजीबद्दल अजून नाही. साडेसात लाख डॉलर आणि वर संपूर्ण शिक्षणखर्च याहून कमी देकार आल्यास त्याने कॉलेजला जावे, असे मी माझ्या मुलाला सांगितले असते. वहीतल्या नोंदी उत्तम निघाल्या तर हा आकडा वाढवावा. वाईट निघाल्या तरी तो कमी करू नये, कारण तेव्हा कॉलेजची गरज अधिकच असेल.

सल्लागार नेमण्याआधी त्या विद्यापीठाच्या नियमपालन कार्यालयाला एक ईमेल पाठवून काय चालते आणि काय नाही हे लेखी विचारून घ्या. एजंटविषयीचे नियम मोडले तर मुलाची कॉलेजात खेळण्याची पात्रताच जाऊ शकते. आणि आकडा ठरवायला बसाल तेव्हा मुलाला शेजारी बसवा. ऑक्टोबरात, उन्हाळी स्पर्धांची वही भरल्यावर, तिची छायाचित्रे मला पाठवा. वरिष्ठ स्काउट येऊन गेला असेल तर तेही कळवा. त्यानंतर हा आकडा आपण पुन्हा एकदा तपासू.

आपला,
करिअर समुपदेशक