खिडकी कापली नाही, छापली गेली

प्रश्न : ताई, निपाणीजवळच्या गावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतीपंपाच्या स्टार्टरसाठी कीकॅडमध्ये (सर्किट बोर्डाचं ड्रॉइंग करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) बोर्ड केला. आधी ‘बाहेरची रेषा उघडी आहे’ म्हणून कारखान्यानं फाइल परत पाठवली. ती दुरुस्त करून दिल्यावर बोर्ड आले, पण सीटी (करंट मोजायचा छोटा ट्रान्सफॉर्मर) बसवायच्या चौकोनी खिडकीच्या जागी नुसती पांढरी रेघ! कुठं चुकलं?

उत्तर : भाऊ, वाचून पोटात कालवलं. माझ्या पहिल्या वीस बोर्डांवर हीच पांढरी रेघ होती. रात्रभर बसून कानशीनं खिडक्या काढल्या. (तुम्ही तसं करणार असाल तर नाकाला फडकं बांधा आणि बोर्ड ओला ठेवून घासा, त्या भुशात काचेचे तंतू असतात.)

खिडकी तुम्ही सिल्कस्क्रीनच्या, म्हणजे बोर्डावर अक्षरं-खुणा छापायच्या, लेयरवर काढलीत, म्हणून ती शाईनं छापली. बाहेरची कड आणि आतली खिडकी, दोन्ही ‘एज कट्स’ याच लेयरवर हव्यात. बाहेरचा बंद आकार म्हणजे बोर्ड, त्याच्या आतला बंद आकार म्हणजे भोक. ‘बंद’ म्हणजे टोकाला टोक अगदी चिकटलेलं. पडद्यावर जुळलेली दिसणारी टोकं झूम केल्यावर केसभर लांब निघतात. ग्रिड लावूनच रेषा ओढा आणि फाइल पाठवण्याआधी डीआरसी (कीकॅडमधली चुका शोधणारी तपासणी) चालवा, ती टोकं तिथं सापडतात.

आता पुढची अडचण आधीच सांगते. माझे वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मिलिंग मशीनवर होते. आतला कोपरा काटकोनी हवा म्हणून कुणी ड्रॉइंग आणलं, की ते कटरच त्याच्यापुढं धरायचे आणि म्हणायचे, “हा गोल आहे, कोपरा चौकोनी कसा निघेल?” बोर्ड कापणारा राउटरही तसाच. त्याचा बिट, म्हणजे कटर, २ मिमी व्यासाचा असेल तर आतल्या प्रत्येक कोपऱ्यात १ मिमी त्रिज्येची गोलाई राहते, आणि तुमची चौकोनी सीटी तिथंच अडकणार. खिडकी चारी बाजूंनी अर्धा मिमी मोठी करा. ते जमत नसेल तर कोपऱ्यात बाहेर फुगणारी कमान द्या, पण खिडकीच्याच रेषेत जोडून. वरून सुटं वर्तुळ ठेवलंत तर रेषा एकमेकींना छेदतात आणि फाइल पुन्हा परत येते.

तांबं कडेपासून निदान अर्धा मिमी आत ठेवा.

आणि पंपाचा बोर्ड आहे म्हणून एक आग्रह. पावसाळ्यात पंपघरात बोर्डावर ओल आणि धूळ बसते, तिच्यावरून वीज सरपटते. ४१५ व्होल्टची बाजू आणि कंट्रोलची बाजू यांच्यामध्ये २ मिमी रुंद लांबट खाच कापून घ्या, तीही एज कट्सवरच. विजेला मग खाचेला वळसा घालून जावं लागतं.

ऑर्डर देण्याआधी आउटलाइन कागदावर १:१ छापा, ब्लेडनं खिडकी कापा आणि सीटी त्यात घालून बघा.