बाळाचा पहिला सीआरपी (संसर्ग किंवा दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन) नॉर्मल आला, म्हणजे सेप्सिस (रक्तात पसरलेला गंभीर संसर्ग) नाही असं समजायचं का?

नाही, एकट्या पहिल्या रिपोर्टवर तसं म्हणता येत नाही. सीआरपी यकृतात तयार होतो आणि संसर्ग सुरू झाल्यावर रक्तात वाढलेला दिसायला साधारण 10-12 तास लागतात. त्याआधी घेतलेलं रक्त फसवू शकतं. म्हणून डॉक्टर 24 तासांनी पुन्हा तपासणी करतात. दोन्ही वेळा नॉर्मल आला तर मात्र सेप्सिसची शक्यता बरीच कमी होते. प्रोकॅल्सिटोनिन हे संसर्गात वाढणारं दुसरं प्रथिन लवकर, 4-6 तासांत चढतं, पण जन्मानंतरचे पहिले दोन दिवस ते निरोगी बाळातही आपोआप वाढतं, त्यामुळे आकडा बाळाच्या वयाच्या तासांनुसारच वाचावा लागतो. खरा पुरावा ब्लड कल्चरचाच (रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची तपासणी), आणि तोही शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी, निदान 1 मिली रक्त घेऊन. दोन-चार थेंबांवर केलेलं कल्चर निगेटिव्ह आलं तरी त्याचा फारसा भरवसा नाही.

उलटही घडतं: अवघड प्रसूती झाली किंवा बाळाच्या फुप्फुसात मेकोनियम (बाळाची पहिली शी) गेलं, तर संसर्ग नसतानाही सीआरपी वाढतो. आणि बाळ मलूल असेल, दूध ओढत नसेल, श्वास मध्येच थांबत असेल, तर कुठल्याही रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करतात.